देते किती, खाते किती

नवी गाडी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" पहिल्याचे उत्तर तो गृहस्थ थोडे कमी करून सांगतो आणि दुसऱ्याचे थोडे वाढवून. ऐकणाराही ते जाणून असतो. त्यामुळे या व्यवहारात सहसा कोणाची फसवणूक होत नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. या दुसऱ्या प्रश्नातली भाषा मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. 'ॲव्हरेज' म्हणजे सरासरी. पण कशाची सरासरी, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. त्यापुढचे 'देते' हे क्रियापद मात्र अस्सल आपले. गाय दूध देते, कलम आंबा देते, तशी गाडी ॲव्हरेज देते. आपण तिच्या पोटात शंभराच्या जवळपास भाव असलेले तेल ओततो हे सोयिस्करपणे विसरून, तीच आपल्याला काही देते आहे अशा कृतज्ञतेने आपण बोलतो. आणि हीच गाडी मनासारखे देईनाशी झाली, की ती 'डिझेल खाते'!

'देते' आणि 'खाते' यांतला फरक केवळ भाषेचा असता तर मी तो वर्गात सांगून मोकळा झालो असतो. परंतु तो हिशेबाचाही आहे, आणि त्या हिशेबापायी एका माणसावर चोरीचा आळ आला होता. २०२३ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

माझ्याकडे एक वही आहे. २००६ साली स्कूटर घेतली तेव्हापासून तिच्यात किती पेट्रोल भरले आणि त्या वेळी मीटरवर काय आकडा होता, हे मी तीत टिपून ठेवतो. या वहीवरून घरी माझी पुष्कळ थट्टा होते. "कविता शिकवणाऱ्या माणसाने पेट्रोलचे खाते लिहावे, म्हणजे कमाल झाली," असे आमची सौ. आल्यागेल्याला ऐकवते. पण त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस रत्नागिरीहून थोरल्या ताईचा फोन आला तो या वहीचीच आठवण होऊन.

ताईच्या सासरी पावसच्या वाटेवर हापूसची कलमे आहेत. मेव्हण्यांनी चार वर्षांपूर्वी एक डिझेलची पिकअप घेतली. हंगामात तिच्यातून आपल्या आणि शेजारच्या चार बागायतदारांच्या पेट्या पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायच्या, रिकामी गाडी परत आणायची, असा त्यांचा क्रम. गाडीवरचा ड्रायव्हर पाटणकडचा, पन्नाशीचा. सारे घर त्याला 'मामा' म्हणते.

"तू सुट्टीत इकडे ये," ताई हलक्या आवाजात म्हणाली, "यांच्या डोक्यात भलतंच भरलंय. यांना वाटतं, मामा वाटेत डिझेल विकतो. आज-उद्या त्याला तोंडावर बोलतील. चार वर्षं माझ्या हातचं जेवतोय रे तो माणूस. तुझी ती वही घेऊन ये आणि काय ते मोजून सांग."

मी गेलो. मेव्हण्यांनी कॅलेंडरच्या मागल्या बाजूला मांडलेला हिशेब माझ्यापुढे ठेवला. गाडी घेताना विकणाऱ्याने सांगितले होते, सोळा देते. मेव्हणे व्यवहारी, त्यांनी माल आणि घाट यांच्यासाठी दोन कापून चौदा धरले. जाऊन-येऊन ७०८ किलोमीटर, भागिले १४, म्हणजे साडेपन्नास लिटर. प्रत्यक्षात मामाच्या पावत्या दर खेपेला साठ-एकसष्ट लिटरांच्या. म्हणजे खेपेमागे दहा लिटर गायब! हंगामात तोवर अठरा खेपा झाल्या होत्या. १८० लिटर, दर साडेब्याण्णव रुपये; एकूण १६,६५० रुपये.

"आता बोला, प्रोफेसर," मेव्हणे म्हणाले.

बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. भागाकार चोख होता, गुणाकार चोख होता. मी एवढेच म्हटले, की दोन खेपा मी स्वतः बरोबर जातो, मग बोलू. मामाला आम्ही सांगितले, की मला पुण्याला घरी जायचे आहे आणि प्रवासावर काही लिहायचेही आहे. त्याने माझ्याकडे आणि माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाला, "बसा की."

गाडीचे तेल मोजणे वाटते तितके सोपे नाही, हे स्कूटरने मला शिकवले होते. काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तो अर्ध्यापर्यंत रेंगाळतो आणि मग भराभर खाली येतो. खरी रीत एकच. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, प्रवास करायचा आणि पुन्हा टाकी तितकीच काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढे तेल मावले तेवढे गाडीने खाल्ले. यात 'तितकीच' हा शब्द महत्त्वाचा. गाडी सपाटीवर उभी हवी. डिझेलला फेस येतो, म्हणून नळी आपोआप बंद पडल्यावर थोडे थांबून, फेस बसल्यावर पुन्हा भरावे लागते. कोणी हौशी माणसे गाडी हलवून आणखी लिटरभर कोंबतात. एकदा हलवली आणि एकदा नाही, की हिशेब बुडाला.

पंपावर मी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक पंपावर पाच लिटरांचे एक प्रमाणित माप ठेवलेले असते आणि कोणाही गिऱ्हाइकाला ते मागून खात्री करून घेण्याचा हक्क आहे. पाच लिटरांमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मी माप मागितले. पंपावरच्या पोराने कुरकुरत ते आणले. दहा मिलिलिटर कमी भरले. म्हणजे पंप निर्दोष. हे सारे चालले असताना मामा बॉनेटला टेकून उभा होता. पंपाला निर्दोष ठरवून मी संशयितांच्या यादीत एकच नाव शिल्लक ठेवीत होतो, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. त्याच्या मात्र आले असावे.

दुपारी चारला पासष्ट पेट्या भरून आम्ही निघालो. रिकामी गाडी सतराशे किलोंची, माल तेराशेचा. पुरते तीन टन. पेट्यांची थप्पी केबिनच्या टपावर हातभर गेलेली आणि तीवर ताडपत्री. हातखंब्याला महामार्गाला लागलो. त्या वर्षी त्या रस्त्याचे चौपदरीकरण अर्धवट होते. शंभर पावले नवे काँक्रीट, की लगेच खडीवरून वळसा. पुन्हा काँक्रीट, पुन्हा वळसा. वेग घ्यावा आणि लगेच तो ब्रेकखाली चिरडावा, असे संगमेश्वर, सावर्डे करीत चिपळूणपर्यंत चालले. ब्रेक मारणे म्हणजे काय, हे मला त्या वाटेवर प्रथम उमगले. तीन टनांना पळते करायला जे तेल जाळले, त्याची ऊब करून ती चाकांपाशी वाऱ्यावर सोडून देणे म्हणजे ब्रेक मारणे. मामा ब्रेक फार कमी मारीत असे. पुढचा ट्रक मंदावणार हे त्याला ट्रकवाल्याच्याही आधी कळे आणि त्याचा पाय अलगद वर येई.

बहादूरशेख नाक्यावर उजवीकडे वळलो आणि पोफळी मागे टाकून अंधार पडता पडता कुंभार्ली घाटाला लागलो. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. इंजिनाचा आवाज असा, की केबिनमध्ये एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. मी वहीत आकडेमोड करीत होतो. चढ सुमारे पाचशे मीटर धरला. तीन टन वजन पाचशे मीटर उचलायला किती शक्ती लागेल? घरच्या विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम चार युनिट! एवढ्या राक्षसी घरघरीमागे चारच युनिट, हे पाहून मी प्रथम थक्क झालो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट शक्ती असते. मग अर्ध्या लिटरात घाट चढून जायला हवा. पण इंजिन त्यातली तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवते. बाकीची रेडिएटर आणि धुराडे यांतून हवेत जाते. म्हणजे निव्वळ त्या चढाचे सव्वा लिटर. साध्या रस्त्याला जे लागले असते ते आणखी वेगळे.

आणि ही उंची पुढे परत मिळत नाही. रत्नागिरी समुद्रकाठी, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर. हापूसच्या पासष्ट पेट्या नुसत्या पुण्याला न्यायच्या नसतात, त्या पुण्याएवढ्या उंच उचलायच्या असतात. मेव्हण्यांच्या कॅलेंडरवर ही उंची कोठेच नव्हती.

हेळवाक, पाटण, कराड. कराडनंतर रस्ता रुंद आणि सरळ. मामाने काटा साठावर आणला आणि तेथेच ठेवला. सातारा गेले, खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळला चहा झाला. मार्केट यार्डात पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. पेट्या उतरल्यावर यार्डाजवळच्या पंपावर टाकी भरली. ३५६ किलोमीटर, ३६.३ लिटर. लिटरला ९.८.

मला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. सोळाच्या जागी ९.८! मी टक्क जागा होतो. वाटेत एक थेंबही कोणी काढला नव्हता. मग हे सोळा आले कोठून?

त्याचे उत्तर माझ्या घराजवळच होते. मी सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. तिथे १९६६ साली स्थापन झालेली मोटारींच्या संशोधनाची संस्था आहे. 'एआरएआय' म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि टेकडीलाही लोक तेच नाव देतात. गाड्यांच्या जाहिरातींतले आकडे अशाच संस्थांच्या चाचण्यांतून येतात. ते खोटे नसतात. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. खोलीत रुळांवर तिची चाके फिरवतात आणि ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवीत, कमी करीत नेतात. आपल्याकडे हलक्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे वापरलेला हा आलेख १,१८० सेकंदांचा आहे, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद कमी, आणि त्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. सर्व गाड्यांना एकच आलेख, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो उत्तम. पण त्या खोलीत कुंभार्ली घाट नसतो, समोरचा वारा नसतो, ताडपत्री फडफडत नाही आणि पासष्ट पेट्याही नसतात. वर्गात तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा व्यासपीठावर गेला की अडखळतो. त्यात परीक्षकाची लबाडी नसते.

अमेरिकेत पिकअप हे घरोघरचे वाहन. तिथल्या सरकारी खात्यावरही लोकांची हीच तक्रार होती, की आम्हाला रस्त्यावर तुमचा आकडा मिळत नाही. म्हणून २००८ च्या मॉडेलांपासून त्यांनी जोराने पळवणे, वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी यांचा विचार चाचणीत घेतला, आणि बहुतेक गाड्यांचे आकडे एका रात्रीत खाली आले. गाड्या त्याच होत्या.

त्याच रात्री आम्ही परत निघालो. गाडी रिकामी, रात्र थंड. परतीला खंबाटकीचा घाट चढावा लागतो, कारण त्या वेळी बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठीच होता. पण रिकामी गाडी तो हसत चढली. कुंभार्ली उतरताना मी मामाला माझी एक जुनी शंका विचारली. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून, नाहीतर इंजिनच बंद करून सोडली तर तेवढेच डिझेल वाचेल की नाही? स्कूटरवर मी हे केलेले आहे.

मामाने प्रथमच माझ्याकडे मास्तर विद्यार्थ्याकडे पाहतो तसे पाहिले. "न्हाई सर. ज्या गेरात चढायचं त्याच गेरात उतरायचं. आमच्या वस्तादानं पयल्या दिवशी हेच शिकवलं. इंजन बंद केलं तर ब्रेक दगडावानी हुतो, मग पाय तुटंस्तवर दाबा. आन न्यूट्रलला टाकली तर गाडी तुमची न्हाई, घाटाची."

पुढे मी याविषयी वाचले तेव्हा कळले, की वस्तादाचा धडा नव्या इंजिनांत तेलाच्या दृष्टीनेही खरा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की ही इंजिने तेल सोडणेच बंद करतात. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला टाकले तर उलट इंजिन स्वतःच्या जिवावर चालत राहते आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. म्हणजे उतारावर न्यूट्रल मारणारा माणूस जीवही धोक्यात घालतो आणि वर त्याचे पैसेही देतो! वाचकांपैकी ज्यांना ही सवय असेल त्यांनी ती सोडावी, मी सोडली.

रत्नागिरीला त्याच पंपावर, त्याच जागी टाकी भरली. ३५२ किलोमीटर, २४.४ लिटर. लिटरला १४.४.

मेव्हणे पायरीवरच वाट पाहत होते. मी आकडे सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला: "जाताना नऊ पूर्णांक आठ, येताना चौदा पूर्णांक चार, सरासरी बारा पूर्णांक एक. बरं, बारा पूर्णांक एकने साडेअठ्ठावन्न लिटर होतात. पावत्या साठ-एकसष्टच्या. मग वरचं दोन-सव्वादोन लिटर कुठे गेलं?"

वाचकहो, मी स्वतः गाडीत बसलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत ३६.३ आणि २४.४ असे ६०.७ लिटर भरले गेले होते. आणि तरीही मेव्हण्यांचा हिशेब ऐकून क्षणभर मलाही वाटले, की मला कोठे डुलकी लागली होती काय? एका सरळ दिसणाऱ्या सरासरीपुढे माणूस स्वतःच्या डोळ्यांनाही खोटे पाडतो.

चूक कोठे होती ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सापडले. एक सोपे उदाहरण घ्या. दहा किलोमीटरांचा घाट आहे. चढताना गाडी लिटरला ५ देते, उतरताना २५. सरासरी किती? कोणीही म्हणेल, १५. आता तेल मोजा. चढायला दोन लिटर, उतरायला ०.४ लिटर, वीस किलोमीटरांना २.४ लिटर. म्हणजे लिटरला जेमतेम ८.३! पंधरा आणि सव्वाआठ यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि चोरी कोणीच केलेली नाही. कारण उघड आहे. अंतर दोन्हीकडे सारखे, पण तेल सारखे नाही. जी वाट कमी 'देते' तीच जास्त 'खाते', म्हणून सरासरीत तिचे वजन अधिक पडते.

हेच 'देते'ऐवजी 'खाते' या क्रियापदाने विचारले असते तर? शंभर किलोमीटरांना गाडी जाताना १०.२ लिटर खाते, येताना ६.९ लिटर. या दोहोंची सरासरी खुशाल काढा: ८.५५. ७०८ किलोमीटरांना साडेसाठ लिटर. पावत्यांशी जुळले! युरोपातले लोक गाडीचा खप असाच, शंभर किलोमीटरांना इतके लिटर, असा सांगतात. आपण मात्र गाय समजून दुधाचा हिशेब विचारतो आणि चाऱ्याचा विचारायचे विसरतो.

ही चूक आपल्या मेव्हण्यांचीच नव्हे, याचे पुढे मला समाधान मिळाले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमके हेच दाखवले. गॅलनला १८ मैल देणारी गाडी टाकून २८ मैलांची घेतली तर जास्त इंधन वाचेल, की ३४ मैलांची टाकून ५० मैलांची घेतली तर? बहुतेकांना दुसरी बदली मोठी वाटते, कारण सोळा हे दहापेक्षा मोठे. प्रत्यक्षात दहा हजार मैलांना पहिल्या बदलीने सुमारे १९८ गॅलन वाचतात आणि दुसरीने ९४. तेथील गाड्यांवरच्या सरकारी चिठ्ठीवर २०१३ च्या मॉडेलांपासून शंभर मैलांना किती गॅलन, हा आकडाही छापू लागले.

मेव्हणे सकाळी माझे ऐकून घेत होते, पण त्यांची मान हलत नव्हती. "अजून एक खेप कर," ते म्हणाले.

दुसरी खेप केली. जाताना ३५७ किलोमीटरांना ३६ लिटर, पहिल्यासारखेच. परतीला निघालो तोच मेव्हण्यांचा मामाला फोन आला, की क्रेट भरून तयार आहेत, लवकर या. मामाने मालकाची आज्ञा पाळली आणि कराडपर्यंत काटा ऐंशीच्या खाली येऊ दिला नाही. मला आकडे मिळाले म्हणून मी मनात खूष होतो. साठाचे ऐंशी केले की वेग सव्वापटीहून थोडा अधिक वाढतो, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींनी वाढतो. आणि पिकअपचे ते चौकोनी तोंड आणि मागची उघडी पेटी म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रणच. टाकी भरली तेव्हा ३५१ किलोमीटरांना २७.६ लिटर. लिटरला १२.७. चाळीस मिनिटे वाचली आणि त्यापायी पहिल्या परतीपेक्षा तीन लिटरांवर, म्हणजे तीनशे रुपयांचे, डिझेल जास्त गेले. घाई करा असा फोन मेव्हणे हंगामात किती वेळा करीत असतील, हे मी त्यांना विचारले नाही.

परतीच्या वाटेवर पाटणला चहाला थांबलो होतो. मी वहीत लिहीत होतो. मामाने बशी खाली ठेवली, गाडीकडे गेला आणि सीटखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही घेऊन आला. काही न बोलता ती त्याने माझ्या वहीशेजारी ठेवली.

चार वर्षांच्या खेपा होत्या. तारीख, आणि पुढे दोनच रकाने: 'भरून' आणि 'रिकामी'. ३६, २४. ३७, २५. ३६, २८, आणि या २८ च्या पुढे पेन्सिलीने 'मालक घाई'. पावसाच्या एका खेपेला ३९, पुढे 'टायर हवा कमी'. भागाकार कोठेही नव्हता.

"ॲव्हरेज का नाही काढलंत?" मी विचारले.

"ते काय करायचंय सर? गाडी किती पिती तेवढं ठावं असलं म्हंजे झालं." मग थोडे थांबून त्याने बशी पुन्हा उचलली. "मालकांनी कदी वही मागितली न्हाई. पावत्याच मागितल्या."

पंपावर मी माप मागितले तो क्षण मला तेव्हा आठवला. मी काहीतरी बोलायला पाहिजे होते. मी चहाचे पैसे दिले.

घरी आल्यावर दोन्ही वह्या मी मेव्हण्यांपुढे ठेवल्या. ते बराच वेळ पाने उलटत होते. शेवटी त्यांनी कॅलेंडर काढले, मागचा हिशेब खोडला आणि नवा मांडला. खेपेमागे दहा लिटर कोणी चोरीत नव्हते. ते त्यांनी भाड्यात धरलेच नव्हते. पेटीमागे चौदा रुपये कमी घेऊन ते शेजाऱ्यांचे आंबे चार वर्षे पुण्याला पोचवीत आले होते. चोर सापडला होता, पण त्याला बोलायची सोय नव्हती. २०२४ च्या हंगामापासून त्यांनी भाडे वाढवले.

मामाला ते काही बोलले का? ताई म्हणते, नाही. संशयाचेही नाही आणि खुलाशाचेही नाही. मामाने जूनपर्यंत सगळ्या खेपा केल्या, शेवटच्या दिवशी किल्ली ताईच्या हातात दिली आणि गेला. पुढच्या मार्चमध्ये मेव्हण्यांनी फोन केला तेव्हा तो म्हणाला, की पाटणलाच दुधाच्या गाडीवर लागलो आहे, घरापासून जवळ पडते. ताईने एका ओळखीच्या माणसाबरोबर हापूसची एक पेटी त्याच्या घरी पाठवली. पेटी पोचली, एवढा निरोप आला.

शंभर पानी वही तो गाडीतच ठेवून गेला होता. मागच्या मे महिन्यात मी रत्नागिरीला गेलो तेव्हा ती मला मेव्हण्यांच्या टेबलावर दिसली. अर्ध्यानंतरचे अक्षर मेव्हण्यांचे आहे, रकाने तेच. नवा ड्रायव्हर तरुण आहे, चलाख आहे, कोणाला उलटून बोलत नाही. त्याच्या शेवटच्या खेपेपुढे लिहिले होते: भरून ३८, रिकामी २७.

मी ते वाचले हे मेव्हण्यांनी पाहिले. त्यांनी वही मिटली आणि ताईला चहा टाकायला सांगितले.